जोडून लिहायचा शब्द

म्हाताऱ्याची बायको गेली आणि तिचं नाष्ट्याचं दुकान बंद पडलं. दारावरची पाटी मात्र राहिली: 'ब्रेक फास्ट'. तिनेच लाल रंगात लिहिलेली. पाटी म्हणजे जुन्या कपाटाचं दार; मधोमध मुठीचं भोक, म्हणून शब्द दोन्हीकडे फाकलेला. सुरुवातीला काहीजण चक्क स्कूटर घेऊन आले होते, ब्रेक झटपट करून मिळतील म्हणून. ती पोट धरून हसली आणि त्यांना आत बसवून खायला घातलं.

आज तिचा धाकटा भाऊ रंगाऱ्याला घेऊन आला. घरात सगळे या भावाला प्रोफेसर म्हणत. विचारणं-बिचारणं नाहीच. म्हातारा आतून बाहेर येईपर्यंत रंगाऱ्याने शिडीवरून 'फा'वर पांढरा हात मारलासुद्धा.

"हे काय चाललंय?"

"पाटी शुद्ध करतोय, भाऊजी. ताईच्या आठवणीसाठी. तो एकच शब्द आहे, जोडून लिहायचा. ब्रेक म्हणजे मोडणं, फास्ट म्हणजे उपवास. रात्रभराचा उपवास सकाळी मोडायचा. काय सुंदर कल्पना आहे बघा!"

"रात्री तडस लागेपर्यंत जेवायचं, घोरत पडायचं आणि त्याला उपवास म्हणायचं?"

रंगारी शिडीवर फिसकन हसला.

"व्युत्पत्ती आहे ती, भाऊजी. लोक हसतात या पाटीला."

"हसायचे आणि आत येऊन बसायचे. तू कधी बसलास? गाडीतूनच हात हलवायचास. बहीण नाष्टा विकते म्हणून लाज वाटायची तुला. आता आलाय उपवास शिकवायला!"

"मी फक्त शब्दाबद्दल बोलतोय."

"माहीत आहे. तुला तेवढंच येतं."

तिच्या हातचं अक्षर घरात दुसरं कुठेच नव्हतं. पण ते या शहाण्याला सांगायचं म्हणजे त्याला माणसात धरल्यासारखं झालं असतं. म्हातारा रंगाऱ्याला म्हणाला, "बाबा, उतर खाली."

"अडाण्यांच्या नादी लागलो, माझंच चुकलं," असं पुटपुटत प्रोफेसर गाडीत बसला. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलंही नाही. रंगाऱ्याकडून फडकं घेऊन तो शिडी चढला. पांढरा अजून ओला होता. हलक्या हाताने पुसला तसा निघाला. खालचा लाल पक्का होता.