सोमवारचा उपास

सकाळी सात चाळीसला तिसरा ग्लास समोर आला. पांढरा, प्लॅस्टिकचा, कडेला बोटाचा ओला ठसा. आतलं पाणी गोडसर, बुळबुळीत. त्यानं आतडी फुगतात आणि एमआरआयचं चित्र स्वच्छ येतं. इंदिरानगरच्या या सेंटरात मैत्रेयीला असे सहा ग्लास प्यायचे होते, पाऊण तासात.

"स्वल्प बेगा, जरा लवकर, मॅडम," नर्स भाग्यलक्ष्मी म्हणाली. "सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग फॉर्मवर हा नंबर कुणाचा?"

"माझाच."

"फोन तर लॉकरमध्ये जाणार. तुम्हाला काही झालं तर लॉकरला कळवू?"

मैत्रेयी हसली, आणि पोटात कळ आली. क्रोन्सचं, आतड्याच्या जुनाट सुजेचं, निदान होऊन चार वर्षं झाली. निपाणीला घरी कुणालाच ठाऊक नाही. त्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत घरी तिनं ताट बाजूला सारलं आणि तोंडातून निघून गेलं – आज सोमवारचा उपास आहे. आईचा चेहरा असा उजळला की... पुढच्या सोमवारपासून आईनंही उपास धरला. "तू तिकडं एकटी उपाशी, आन् मी हितं भाकरी मोडू व्हय?" संध्याकाळी मैत्रेयीचा फोन आल्याशिवाय ती उपास सोडत नाही. तपासणीला उपाशीच यावं लागतं; मुद्दाम सोमवार निवडला तिनं – नवं खोटं नको म्हणून.

यंत्रात पालथं झोपल्यावर कानात कन्नड सूचना. श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा. आतडं एका जागी अरुंद झालंय, डॉक्टर म्हणाले होते. सूज असेल तर औषधं, जुन्या जखमेचा घट्ट वण असेल तर ऑपरेशन – आणि त्याच्या कागदावर घरच्या माणसाची सही... धरून ठेवा... या वेळी आई चहाही न घेता पोळ्या लाटत असेल, इतरांसाठी, मी सांगितलेल्या एका वाक्यापायी – सोडा.

दहा वीसला ती बाहेर आली. भाग्यलक्ष्मीनं बिस्किटांचा पुडा हातात ठेवला. मैत्रेयीनं तो फोडला आणि फोन लावला.

"आई, तू जेवून घे."

"आत्ताच? आन् तू?"

"मी बिस्किटं खातेय."

पलीकडे लाटणं थांबलं.

"बरं हाय न्हवं तुला?"

या प्रश्नाला ‘बरी आहे’ हे उत्तर चार वर्षं तिच्या जिभेवर तयार असायचं. आज तिथं नुसती बिस्किटाची चव होती. "नाही, आई," ती म्हणाली. रिपोर्ट संध्याकाळी सहाला मिळणार होता.