मार्थेच्या वाक्यापर्यंत

भिगवणच्या मागच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅथलिक लोकांची सहा-सात घरं आहेत. बारामतीहून फादर महिन्यातून एकदा मिस्साच्या उपासनेसाठी येतात. बाकीचे रविवार ही माणसं आपली आपण काढतात. दुपारची जेवणं उरकली की कुणाच्या तरी घरी जमायचं, शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग ज्याला त्यातलं जे वाक्य लागलं असेल ते त्यानं तीनदा मोठ्यानं म्हणायचं. का लागलं ते सांगायचं असेल तर सांगावं, नसेल तर नाही. पण दुसऱ्याच्या वाक्यावर कुणी टिप्पणी करायची नाही. याला ते बैठक म्हणतात.

नोव्हेंबर हा मृतांचा महिना. त्या महिन्यात बैठक ज्या घरचं माणूस वर्षभरात गेलं त्या घरी होते, आणि तिथं लाजराचा उतारा वाचतात. लाजर मेला, त्याच्या बहिणी मार्था आणि मारिया रडत बसल्या, मग येशू आला आणि त्यानं लाजराला कबरेतून उठवलं. दुःखात असलेल्या घराला धीर यावा म्हणून हा उतारा.

या वर्षी गेली ती गेणूची बायको सरुबाई. म्हणून बैठक गेणूकडे होती, आणि वाचायचंही गेणूनंच होतं, कारण गेली कित्येक वर्षं बैठकीत वाचणारा तोच.

गेणू मासळी बाजारात बर्फ फोडायचं काम करायचा. शाळा बेताचीच, पण वाचायला बरा. सरुबाईला अक्षर येत नव्हतं. रोज संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी थापायची आणि तो उंबऱ्यात बसून तिला वाचून दाखवायचा. मध्येच ती म्हणायची, "थांबा. तितंच थांबा." मग पिठाचे हात तसेच धरून विचार करत बसायची. सगळं उधळून परत येणाऱ्या पोराकडे बाप पळत जातो, ती उधळ्या मुलाची गोष्ट वाचली तेव्हा तिनं विचारलं होतं, "त्या पोराची आई कुठं होती वो? बापच का पळत गेला?" बैठकीत तिनं तेच विचारलं तेव्हा सगळे हसले. फादरना विचारलं तर ते हसले नाहीत. पुढच्या महिन्यात आले तेव्हा म्हणाले, "सरुबाई, मी अजून शोधतोय."

वाचायचा गेणू आणि कळायचं सरुबाईला, असा त्यांचा संसार होता.

ऑगस्टमध्ये तिला ताप आला. डेंग्यू निघाला. बारामतीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. बैठकीतली सगळी माणसं आली. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून आळीपाळीनं माळ म्हणत, म्हणजे जपमाळेवर प्रार्थना करत राहिली. तरी ती गेली.

आदल्या वर्षी याच पायऱ्यांवर याच माणसांनी बैठकीतल्या संभाजीच्या पोरासाठी माळ म्हटली होती. सुयोगला हायवेवर ट्रकनं उडवलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तो वाचला, आता लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला जातो. संभाजी तेव्हापासून दर बैठकीत साक्ष देतो. उतारा कुठलाही असो, तो सुयोगपाशी येतोच. "विश्वासानं मागितलं की तो देतो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

तीच माणसं, तीच माळ, त्याच पायऱ्या. गेणू हे मनात म्हणायचा, मोठ्यानं कधी म्हणाला नाही. सरु गेल्यापासून तो बैठकीत वाचायचा, पण त्याची पाळी आली की "पुढं चला" म्हणायचा. घरी तर त्यानं प्रार्थनेचा एक शब्दही काढला नव्हता. ज्यानं ऐकलं नाही त्याच्याशी काय बोलायचं, आणि खोटं कसं बोलायचं, असा त्याचा हिशोब होता. आज शेवटचं वाचायचं, पुस्तक संभाजीच्या हातात द्यायचं आणि बैठक आपल्यापुरती बंद करायची, असं त्यानं ठरवलं होतं. लेकीला तेवढं सांगितलं होतं.

लेक प्राची सकाळीच इंदापूरहून आली होती. तिनं घर झाडलं, सतरंज्या टाकल्या, आईच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली.

"तात्या, असं नका करू," ती म्हणाली. "बैठक सोडली तर एकटे काय करशीला? आईला वाईट वाटंल."

"तिला काय वाटतं, काय न्हाय, तुला कुणी सांगितलं?"

"असं काय बोलताय?"

"इचारतोय. मला ठावं न्हाय म्हणून इचारतोय."

प्राची पदराला डोळे पुसत आत चहाचं बघायला गेली. गेणूला वाईट वाटलं, पण मागे घ्यावा असा शब्द त्याला सापडला नाही.

तीनच्या सुमाराला माणसं आली. वस्तीतली म्हातारी साखरबाई सगळ्यांत पुढं. तिला उभं राहायला काठी लागते, बोलायला कशाची गरज लागत नाही.

"जय येशू, गेणूतात्या. वाळलास किती! जेवतोस का नुसता चहावर हायस?"

"जेवतो."

"काय जेवतोस?"

"भाकरी."

"कुणी केली?"

"मी."

"मग वाळणारच की," म्हणत ती भिंतीला टेकून बसली. दोघं-तिघं हसले. गेणूलाही क्षणभर हसू आलं आणि लगेच गेलं, कारण असं काही झालं की तो आतल्या दाराकडे बघायचा, सरुनं ऐकलं का म्हणून.

संभाजी आला, सोबत सुयोगला घेऊन. सुयोग अजून जरा लंगडतो. त्यानं गेणूच्या पायाला हात लावला. गेणूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोराचा काय दोष, असं त्याला वाटलं, आणि तरी हात ठेवताना तो जड झाला.

क्रुसाची खूण झाली. एक गाणं झालं. मग सगळ्यांनी गेणूकडे बघितलं.

त्यानं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला. लाजर आजारी पडला. बहिणींनी येशूला निरोप धाडला. निरोप मिळूनही येशू होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. गेणूचा आवाज नेहमीसारखा होता, सावकाश, शब्दावर बोट ठेवून. येशू पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. सांत्वनाला खूप लोक आले होते. मारिया घरातच बसून राहिली. मार्था उठून वाटेपर्यंत गेली आणि त्याला म्हणाली, प्रभुजी, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता.

गेणू थांबला.

सगळ्यांना वाटलं, श्वास घेतोय. मग वाटलं, चष्मा पुसणार. त्यानं पुस्तक मिटलं.

"तात्या," संभाजी हळूच म्हणाला, "अजून हाय की."

"माझं एवढंच."

"अवो, खरं तर पुढंच हाय. लाजर उठायचाय अजून."

"तो उठला," गेणू म्हणाला. "आमची न्हाय उठली."

आत प्राचीनं आवाज करणारा स्टोव्ह बंद केला.

संभाजीचा चेहरा लाल झाला. "तात्या, राग धरू नका, पर अर्धं शास्त्र वाचून थांबायचं नसतं. मार्थाच पुढं म्हणती बघा, आताबी तू मागशील ते देव देईल म्हणून. विश्वास धरला तिनं. आपण बी..."

"तू धरलास," गेणू म्हणाला. "तुला मिळालं. मी काय कमी धरला व्हता का रं? त्या पायऱ्यांवर मी तुझ्याच शेजारी बसलो व्हतो. माझी माळ खोटी व्हती का?"

"मी असं कुठं म्हणालो?"

"दर रविवारी म्हणतोस. दर रविवारी. विश्वासानं मागितलं की देतो. म्हंजे मी कशानं मागितलं?"

संभाजी उत्तर द्यायला पुढं सरसावला.

"नियम काय हाय रं, संभाजी?" साखरबाईनं काठी जमिनीवर टेकवली. "दुसऱ्याच्या वाक्याला काय करायचं नसतं?"

"उत्तर द्यायचं नसतं."

"मग? गप बस की. त्याला जे लागलं ते त्यानं सांगितलं. आन् तात्या, तूबी गप. आता वाक्य म्हण. तीनदा म्हणायचं असतं."

गेणू तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "तू इथं असतास तर."

थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "तू इथं असतास तर." या वेळी आवाज फुटला. तिसऱ्यांदा ओठ हलले, पण शब्द बाहेर यायच्या आधीच रडू आलं. मासळी बाजारात आयुष्य काढलेला दांडगा माणूस, तोंडावर दोन्ही हात घेऊन लहान पोरासारखा रडला. सरुला मातीत ठेवलं तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा तो लोकांना पाणी विचारत होता, फादरची गाडी कुठं लावायची ते सांगत होता.

कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. कुणी धीराचं बोललं नाही. नियमच तसा होता, आणि पहिल्यांदाच तो नियम किती कामाचा आहे हे त्या खोलीतल्या माणसांना कळलं. आतल्या दारात प्राची उभी होती. ती पुढं आली आणि बापाशेजारी सतरंजीवर नुसती बसली.

बऱ्याच वेळानं साखरबाई म्हणाली, "आज एवढाच उतारा वाचलाय. तवा एवढ्यातलंच घ्या. पुढचं कुणी घ्यायचं न्हाय."

मग एकेक जण बोलला. साखरबाईनं घेतलं ते, मारिया घरातच बसून राहिली. तीनदा म्हणाली आणि म्हणाली, "आमचे मालक गेले तवा मी वरीसभर अशीच बसले. लोकांना वाटायचं म्हातारी प्रार्थना करती. कसली प्रार्थना! मी नुसती बसले व्हते." एवढ्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

संभाजीची पाळी आली. सगळ्यांना वाटलं, आता सुयोग. पण या अर्ध्या उताऱ्यात कुणी मरणातून वाचत नव्हतं, कुणी उठत नव्हतं. तो पानाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला." तीनदा म्हणून झाल्यावर तो गेणूकडे न बघता बोलला, "का राहिला, ते मला ठावं न्हाय. माझ्या वेळंला लगेच आला. वहिनीच्या वेळंला का राहिला, ह्याची मला भीती वाटती. पुन्यांदा माझ्या घरी असं झालं तर तो येईलच असं न्हाय ना. म्हणून मी सारखं सारखं ते सांगतो. सांगत राहिलं की भीती कमी व्हती."

सुयोग बापाकडे बघत होता. हे त्यालाही नवीन होतं.

प्राचीला विचारलं तर तिनं मान हलवली. "पुढं चला," ती म्हणाली, अगदी बापासारखी.

शेवटी नेहमी ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत प्रार्थना करायची असते. कुणी पावसापाण्याची करतं, कुणी परीक्षेची. आज कुणीच सुरुवात करेना. मग गेणूच बोलला. डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघून.

"देवा, तू उशीर केलास. मला तुझा राग आलाय. सरु असती तर तिनं तुला बरोबर इचारलं असतं, मला तसं इचारता येत न्हाय. मी नुसता वाचणारा माणूस. तिला तू तुझ्याकडं नेलंस म्हणत्यात. तर मग तिला नीट सांभाळ. तिला रात्री थंडी वाजती. आन् ती काय इचारंल त्याचं उत्तर दे. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

चहा झाला. गार झाला होता, पण कुणी कपात ठेवला नाही. जायच्या वेळी गेणूनं पुस्तक उचललं आणि संभाजीपुढं धरलं. संभाजीनं हात मागं घेतले.

"मी न्हाय घेणार. उतारा पुरा झाला न्हाय."

"माझ्यानं व्हायचा न्हाय तो."

"मग राहू दे अर्धा," साखरबाई चपला शोधता शोधता म्हणाली. "पुढच्या रविवारी आमी हितंच येतो. जिथवर वाचशील तिथवर ऐकू. मार्थेच्या वाक्यापर्यंतच वाचलास तर तिथवरच."

"आन् त्याच्या पुढच्या रविवारी?"

"त्याच्या पुढच्या रविवारीबी. फादर काय म्हणायचं ते म्हणू देत. त्यांचंबी एक उत्तर अजून राहिलंय द्यायचं."

"वरीस लागंल साखरबाई."

"लागू दे. मी काय पळून चालले न्हाय. ही काठी बघ की."

माणसं गेली. संभाजी सगळ्यांत शेवटी निघाला. उंबऱ्यात घुटमळला, मग गेणूच्या दंडाला हात लावून सुयोगच्या मागोमाग गेला.

प्राची कप विसळत होती. तिला इंदापूरची एसटी गाठायची होती. गेणू सतरंज्यांच्या घड्या घालत होता. एक घडी वाकडी झाली, त्यानं ती सोडून पुन्हा घातली.

"तात्या," ती म्हणाली, "मघाशी मी बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"न्हाय." तो सतरंजीवरच बसला. "तुझी आई काय म्हणाली असती ते मला खरंच ठावं न्हाय, पोरी. लई शोधतो. वाचताना वाटलं, आता म्हणंल थांबा. कुणीच न्हाय म्हणालं. म्हणून मीच थांबलो."

प्राचीनं नळ बंद केला. कप पुसून फळीवर मांडले. मग हायवेवरून हॉर्न ऐकू आला आणि ती पिशवी घेऊन उठली.

"येशील का पुढच्या रविवारी?" गेणूनं विचारलं.

"येते की."

"मग चहापत्ती आण. संपली."