दोनशे नऊ साक्षीदार

काही संख्या माणसाला अमर करतात. झोम्बा शहरातल्या आमच्या विद्यापीठाच्या गणित विभागातल्या डॉ. वेलिंग्टन म्वाफुलिर्वांना तेवढं नको होतं. त्यांना प्रोफेसर व्हायचं होतं. म्हणून त्यांनी बढतीच्या अर्जाला ५६०५२३६१ ही संख्या जोडली आणि ती मूळ संख्या असल्याचं चाळीस पानांत सिद्ध केलं.

सिद्ध केलं म्हणजे फर्माची चाचणी लावली. एक आकडा घ्यायचा, त्याचा अवाढव्य घात करायचा, आपल्या संख्येने भागायचं. बाकी एक उरली, की त्या आकड्याने संख्येच्या बाजूने साक्ष दिली असं धरायचं. डॉक्टरांनी दोनपासून दोनशे दहापर्यंत सगळ्यांना उभं केलं. एकही फुटला नाही. मग चाळिसावं पान संपलं आणि तेही थांबले.

संख्येला साध्या लहान आकड्यांनी भागून बघावं, हे कुणाला सुचलं नाही. भागाकार शाळेतला. आमच्या विभागात तो करताना दिसणं म्हणजे मीटिंगला अनवाणी येणं.

बढती समितीत तिघं होतो: डीन कापासुले, जे इतिहासाचे आणि आकड्यांना घाबरणारे, निवृत्तीला आलेल्या आमच्याच विभागातल्या न्यिरोंगो, ज्यांना सगळे आमायी, म्हणजे आई, म्हणत, आणि इतिवृत्त लिहायला मी. समोर डॉक्टर, मधे मंडासीची, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांची, बशी.

"दोनशे नऊ साक्षीदार, डीनसाहेब!" डॉक्टर म्हणाले. "खुनाच्या खटल्यात दोन पुरतात."

"वा! मग मंजूर करू या?"

आमायी एका पाकिटाच्या पाठीवर काहीतरी खरडत होत्या. "वेलिंग्टन, दोनशे अकराला का नाही रे बोलावलंस?"

"कशाला, आमायी? तोही तेच बोलला असता."

"बोलला नसता. त्याने भाग जातो."

पाकीट फिरलं. २११ × ४२१ × ६३१. मी मोबाइलवर गुणलं, बरोबर होतं.

"म्हणजे मूळ नाही?" डीननी विचारलं.

डॉक्टरांनी बोटांचं तेल रुमालाला पुसलं. लाज पुसायला एवढा वेळ लागला नसता. "नाही, साहेब. त्याहून भारी! ही कार्मायकेल संख्या. आतून संयुक्त, पण चाचणीत मूळ असल्याचं सोंग वठवणारी. दहा कोटींच्या आत मूळ संख्या सत्तावन्न लाखांवर आहेत. या फक्त दोनशे पंचावन्न!"

"म्हणजे तू चुकलास म्हणून तुला प्रोफेसर करायचं?"

"आमायी, चूकसुद्धा दुर्मिळ आहे."

"यात दम आहे," डीन म्हणाले. त्यांची स्वतःची डीनकी याहून फुटकळ कारणावर मिळाली होती.

"या दोनशे पंचावन्न तू मोजल्यास?" आमायींनी विचारलं.

"छे! छापील यादी आहे ना त्यांची."

"मग त्या यादीत तुझी ही नाही का?"

डॉक्टरांनी बशीतली मंडासी उचलली. मी उठून विभागाच्या कपाटातून यादी आणली. संख्या त्यात होती, तिन्ही अवयवांसकट. त्या वर्षी प्रोफेसरची जागा वनस्पतिशास्त्राला गेली.