भोकरमाळची मूळ स्थिती

भोकरमाळ हे बेट आहे, ही बातमी येसाजीला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळली. तोवर त्याच्या लेखी ते गाव होतं. धरण झालं तेव्हा खालच्या दोन आळ्या पाण्यात गेल्या. वरची आळी टेकाडावर म्हणून कोरडी राहिली, पण चहूकडून पाणी आल्यावर तिलाही उठावं लागलं. सगळे दहिवलीच्या अंगाला पत्र्याखाली येऊन राहिले, त्याला तीस वर्षं झाली. आता त्या टेकाडाच्या बेटावर अभयारण्य होणार होतं. लोकांनी तिकीट काढून होडीने यायचं, मनोऱ्यावर चढून पाखरं बघायची आणि परत जायचं. त्यासाठी बेट आधी मूळ स्थितीला न्यायचं होतं, आणि मूळ स्थिती ठाऊक असलेला माणूस म्हणून येसाजीला बोलावणं आलं.

त्याच्याबरोबर विमल आली. बायकोला बोलावणं नव्हतं. तिला ते कधी लागतही नसे.

होडीतून उतरल्यावर निवेदिताने काम समजावलं. ती पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची, झाडापाखरांचं शिकलेली मुलगी. हातात छापील तक्ता. प्रत्येक झाडापाशी थांबायचं आणि ते आपोआप आलं की माणसाने लावलं, एवढंच येसाजीने सांगायचं. आपोआप आलेल्याला पांढरा पट्टा, ते राहणार. लावलेल्याला लाल, ते पावसाळ्याआधी तोडणार. पट्टे मारायला वनरक्षक राजेश रंगाचे दोन डबे घेऊन उभा होता. तो येसाजीचा चुलत पुतण्या.

"पन मूळ म्हंजी कधीचं?" येसाजीने विचारलं.

"मानवी हस्तक्षेपाच्या आधीचं, आजोबा."

"हस्तक्षेप म्हंजी... आमी?"

निवेदिता सभ्य मुलगी होती. "वैयक्तिक घेऊ नका," ती म्हणाली.

येसाजीने वैयक्तिक न घ्यायचा प्रयत्न केला, पण तो उभा होता ती त्याचीच ओटी होती. समोर गोठ्याच्या जागेवर खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. तिथे मनोरा आणि संडास होणार होते.

"मंग ह्यो हस्तक्षेप नाय का रं?" त्याने राजेशला हळूच विचारलं.

"नाय काका. ह्या सुविधा."

पहिली आली चिंच. येसाजी म्हणाला, ही त्याच्या पणज्याच्याही आधीची. निवेदिता म्हणाली, तसं असेल, पण चिंच मुळातली आफ्रिकेची, म्हणजे माणसानेच आणलेली.

"मंग तिच्यावरची हडळ बी तिकडचीच म्हनायची," विमल म्हणाली. निवेदिताने तक्त्यात रकाना शोधला, नव्हता. चिंचेला लाल पट्टा मिळाला.

पुढे जांभूळ. ते बुलबुलाच्या विष्ठेतून आलं असावं, असं निवेदिताचं मत पडलं. पांढरा पट्टा.

"म्हंजी पाखरानं हागलं तर ऱ्हाईल," विमल म्हणाली, "नि मानसानं पानी घातलं तर जाईल."

"काकी, वरनं नियम आलाय," राजेश म्हणाला.

येसाजीचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. घराच्या मागल्या बाजूला आंबा होता, मोहराने लगडलेला, आणि येसाजी सकाळपासून त्याच्याच विचारात होता. रायवळच, पण त्याची चव विमलच्या माहेरची. कोंडाण्याचं तिच्या बापाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं, त्यामुळे त्या चवीचा आंबा आता जगात हा एवढाच उरला होता. काय सांगायचं ते येसाजीने होडीतच ठरवलं होतं. फक्त ते विमलला सांगायचं राहिलं होतं.

"आपोआप आलाय," तो म्हणाला.

"काय म्हनालात?" विमल म्हणाली.

"आपोआप."

"लगीन झालं त्या साली कोंडाण्यावरनं कोय पदरात बांधून आनली ती कोनी? खालच्या विहिरीचं पानी दोन उन्हाळं डोकीवर वाह्यलं ते कोनी? का पानी बी आपोआप चढत व्हतं टेकाडावर?"

निवेदिताचं पेन दोन रकान्यांच्या मधोमध थांबलं. राजेशने लाल डब्याच्या झाकणाला हात लावला. येसाजी विमलला खोडाच्या पलीकडे घेऊन गेला.

"अगं, तू लावलंस म्हनशील तर तोडतील."

"पानी घातलं म्हनून?"

"व्हय."

"नि कोय फेकून इसरले असते तर?"

"मंग ऱ्हायला असता."

"ह्ये कोनाच्या डोक्यातलं?"

येसाजीने निवेदिताकडे बोट केलं. निवेदिताने तक्त्याकडे केलं.

"आजी, मलाही हे झाड तोडायचं नाही," ती म्हणाली. "पण इथे दोनच रकाने आहेत. तुम्ही नीट आठवून सांगा. कुणी लावलं?"

विमलने खोडावरचा एक वाळका डिंकाचा गोळा नखाने काढला आणि पदराला बोट पुसलं.

"आटवत नाय," ती म्हणाली.

येसाजी चपापला. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. कोणत्या गणपतीत कोणती जाऊ काय बोलली आणि तेव्हा तिच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, हे विमल मागितलं नाही तरी सांगत असे. आठवत नाही, हा शब्द तिच्या तोंडून त्याने आज पहिल्यांदा ऐकला. राजेशने घाईघाईने पांढरा पट्टा मारला आणि त्यावर झाडाचा आकडा घातला, एक्केचाळीस. माहीतगार म्हणून येसाजीने सही केली. सही करताना त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. कशाची तरी चोरी झाल्यासारखं वाटत होतं, आणि चोर कोण ते कळेना.

परतीच्या होडीत विमल बेटाकडे पाठ करून बसली. येताना तिने वाटेतला प्रत्येक खडक ओळखून दाखवला होता. आता अर्धं पाणी संपलं तरी ती समोरच्या काठाकडेच बघत होती.

"झाड तर वाचलं," शेवटी येसाजी म्हणाला.

"कोनाचं?"

‘तुझं’ हे येसाजीच्या ओठावर आलं होतं. वल्ही राजेशच्या हातात होती, तक्ता निवेदिताच्या मांडीवर होता, आणि दोघंही पाण्याकडे बघत होते. तोही काठ किती लांब राहिला ते बघू लागला.

काठ आला. त्याने उतरायला हात पुढे केला. विमल होडीची कड धरून आपली आपण उतरली आणि दहिवलीच्या रस्त्याला लागली.