काठीवरची तोफ

"गनीम कुटं हाय?" महाराजांनी आरोळी ठोकली.

"पायात हाय!" गर्दी ओरडली.

"मग गनिमाला काय द्याचं?"

"गोळा!"

माण तालुक्यातल्या एका गावात, बिरोबाच्या देवळापुढच्या पटांगणात हे सवाल-जवाब चालले होते. ज्या पायात गनीम शिरला होता तो पाय अंबूबाईंचा. पाय फडक्यात गुंडाळून त्या पुढे घोंगडीवर बसल्या होत्या आणि भोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. मुंबईहून रजा काढून आलेली पोरं मोबाइल उंच धरून उभी होती. बायका पदर तोंडाशी धरून पुढे सरकत होत्या.

तोफखाने महाराजांचा थाट बघण्यासारखा होता. खाली लष्करी ठिपक्यांची विजार, वर भगवा फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा. देव आणि देश दोन्ही एकाच अंगावर. हातात शिसवी काठी आणि काठीच्या डोक्यावर मुठीच्या जागी आडवी बसवलेली लखलखीत पितळी तोफ, तळहातात मावेल एवढी.

"ही तोफ तीनशे वर्सांमागची! जमिनीत गाडलेली. देवानं सपनात येऊन सांगितलं, उठ रं, गनीम मातलाय, तोफ काड! खणली आन निगाली. पर तोफंचा एक नेम हाय. डाक्टरची गोळी पोटात, तर तोफंचा गोळा आतच ऱ्हातो. काय, अंबूबाय? मागल्या खेपंला उडली व्हती?"

"न्हाई म्हाराज. गोळी खाल्ली व्हती म्या."

"आन आता?"

"सोडल्या. समद्या सोडल्या."

लेकीनं घरून आणलेला भंडारा महाराजांनी तोफेच्या तोंडात दाबला. मग तांब्याचा छोटा लोटा पुढे केला. अंबूबाईंनी पळीभर तीर्थ तोफेच्या पाठीवरच्या भोकात सोडलं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" गर्दीनं धरलेला सूर वाढत गेला. तोफ गप्प. सूर आणखी वाढला आणि एकाएकी आतून सुर्र आवाज आला, भोकातून जांभळी ज्वाळा उसळली, तोंडातून पांढऱ्या धुरासोबत पिवळाधमक भंडारा उडाला. लोकांनी जमिनीवर डोकी टेकली. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला.

शेजारी उभ्या असलेल्या आमच्या ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. चेहरा पांढराफटक.

"राजमती, ही माझी आहे."

"काय तुमचं?"

"तोफ."

मी सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमचे हे, आदगोंडा, यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी मंगल ही अंबूबाईंची लेक. "बाई, आई साखरंच्या गोळ्या सोडून बसलीया. माजं ऐकंना. तुमी चला, तुमचं ऐकंल," असं म्हणून तिनं आम्हाला रविवारी गावी आणलं होतं. उपदेश करायला आलो आणि आपलीच करणी बघून उभे राहिलो.

दिवाळीच्या आधी साताऱ्याकडचा नानासो नावाचा एक गृहस्थ वर्कशॉपवर आला होता. "तोफखान्यातनं रिटायर झालेले आमचे सुभेदार हायत. सत्काराला तोफेच्या मुठीची काठी द्यायचीय." साताऱ्याकडे घरोघरी फौजी, शंका यायचं कारण नव्हतं. हे हरखून गेले. जन्मभर पंपाचे बुश काढणाऱ्या माणसाला तोफ करायला मिळाली! भंगारातलं पितळ मुशीत वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं. आमच्या न्हाणीघरातला गळका नळही त्यात गेला. ओतलेला दांडा लेथवर चढवून तोंडाकडे निमुळता केला, अंगावर कडी कोरली, दोन बाजूंना कान बसवले. शिसवी काठीवर खीळ घालून ती आडवी बसवली तेव्हा हे कितीतरी वेळ ती हातात धरून घरातल्या घरात फिरत होते. जेवण गार झालं तरी खाली ठेवेनात.

नानासोच्या दोन अटी होत्या. बत्तीचं भोक नुसतं दाखवायला नको, आतल्या पोकळीपर्यंत आरपार हवं आणि चांगलं मोठं हवं. मागचं बोंड आट्यांचं हवं, फिरवून काढता येईल असं. म्हणे साफसफाईला बरं पडतं. आता शोभेच्या मुठीला कसली आली आहे साफसफाई? पण हे म्हणाले, "इतक्या दिवसांनी जाणकार गिऱ्हाईक भेटलं." आणि मी काय केलं? खऱ्या तोफांची चित्रं शोधून दिली, जाडी-लांबीचं प्रमाण सांगितलं, तयार तोफ चिंचेनं घासून चकाकवली. भोक त्यांनी पाडलं, शाबासकी मी दिली. दोघांपैकी एकानंही विचारलं नाही की या भोकाचं करणार काय.

आता तोच नानासो दाढी वाढवून महाराज झाला होता आणि नळाचं वय तीनशे वर्षं झालं होतं.

दुपारी अंबूबाईंच्या घरी गेलो. मेंढरांमागं हिंडताना बाभळीचा काटा भरला होता. मधुमेहानं पाय बधिर झालेला, त्यामुळे काटा कळला नाही आणि जखम चिघळली ती कळली नाही. मंगलनं फडकं सोडलं तसा वास घरभर पसरला. दोन बोटं काळी पडली होती. जखमेवर तोफेतून निघालेली काळी राख भंडाऱ्यात कालवून लेपासारखी थापली होती. मागच्या दर खेपेला दुसऱ्यांसाठी उडालेल्या तोफेची राखही प्रसाद म्हणून अंबूबाईंनी आणून लावली होती. तोफेच्या तोंडून आलेला भंडारा खाली सांडू द्यायचा नाही, ही त्यांची श्रद्धा.

ह्यांना राहवेना. ते घोंगडीपाशी बसले.

"मावशी, मला माफ करा. ती तोफ देवाची नव्हं. ती मी केलीया. सांगलीत. माझ्या लेथवर."

अंबूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता डोळे उघडतील. त्या वाकल्या आणि ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुमच्या हातनं करून घेतली देवानं! लय पुण्याचं हात तुमचं."

हे चटका बसल्यासारखे मागे सरकले. एवढी वर्षं मी ह्यांना ओळखते. त्या दिवशीसारखा चेहरा कधी पाहिला नव्हता. कबुली द्यायला गेलेला माणूस देवाचा कारागीर होऊन बसला. नुसतं खरं सांगून भागत नाही, हे मला तिथं समजलं. खरं दाखवावं लागतं.

चिकटलेलं फडकं निघावं म्हणून मी पाणी ओतलं आणि तेवढ्यात ते मला दिसलं. राखेत न जळलेले दाणे राहिले होते. ते ओले झाले तशा फडक्यावर जांभळ्या रेघा पसरल्या. पोटॅशियम परमँगनेट! दरवर्षी नववीच्या वर्गात मी ह्याच पुडीवर ग्लिसरीन टाकून 'मंत्रानं होम पेटवते' आणि मग मुलांना विचारते, सांगा, कसा पेटला? मुलांना विचारणाऱ्या बाईंनी स्वतःच्या नवऱ्याला विचारलं नव्हतं.

"ह्यो रंग तर मेंढराच्या खुराच्या औशदाचा," अंबूबाई स्वतःच पुटपुटल्या. "खुरकूत आली की पाण्यात टाकून खुरं धुतो आमी."

"आहे का घरात?"

मंगलनं कोनाड्यातून पुडी काढून दिली. गावातल्या मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणली. टाचांच्या भेगांसाठी बायका नेतात तीच. अंगणातल्या उन्हानं तापलेल्या दगडावर मी पुडीतली चिमूट ठेवली.

"अंबूबाई, आधी साखरेची गोळी घ्या."

त्या दचकल्या. "बाई, तोफ बोललीया माज्यासाटी. गोळी गिळली तर समदं फुकट जाईल. पाय जाईल माजा."

"कोपला देव तर माझ्यावर कोपू दे," हे म्हणाले. "भोक मी पाडलंय."

बराच वेळ त्या गोळी हातात घेऊन बसल्या. मग डोळे मिटून गिळली.

"मंतर कंचा म्हनू?"

"मंत्र नको. मनात राग असेल त्याला शिव्या द्या."

शेजारणीच्या शेळीनं त्यांचं कुंपण खाल्लं होतं. अंबूबाईंनी शेळीला, शेजारणीला आणि शेजारणीच्या माहेरला असा काही प्रसाद दिला की ह्यांनी मान खाली घातली. बोलता बोलताच त्यांनी बाटलीतले थेंब त्या चिमटीवर सोडले. शिव्या संपायच्या आत सुर्र झालं, जांभळी ज्वाळा उठली, धूर निघाला.

"गोळी माज्या पोटात हाय न्हवं?" अंबूबाईंनी मंगलला विचारलं.

"हाय, आई."

"मेंढराला औशद म्हनून लावलं, आन मला देव म्हनून." त्या हात टेकून उठू लागल्या. "मला देवळाकडं न्या."

मी म्हटलं, आधी दवाखाना. त्या ऐकेनात. "त्याच्यापुडं तीन पोरं आन धुळाची फिट येनारी लेक बसलीया. त्यांच्याबी गोळ्या सोडवल्या आसत्याल." गावातल्या एकाच्या टेम्पोत त्यांना बसवून आम्ही पटांगणात आलो.

"म्हाराज," अंबूबाई गाडीतूनच ओरडल्या, "म्या गोळी खाल्लीया. आता उडवा तोफ!"

महाराजांचा चष्मा हलला, पण सराईत गडी तो. "बगा रं! माय अविश्वासानं आली. ये, तुजी खात्री कर." लोटा पुढे आला. मी नीट पाहिलं; मघाचा तांब्याचा होता, हा पितळेचा. अंबूबाईंनी पळी ओतली. चांगभलं झालं. तोफ गप्प.

"बगितलं? गोळी पोटात, गोळा आत!"

गर्दी माना डोलवू लागली. तेवढ्यात हे पुढे झाले आणि महाराजांच्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली. कारखान्यातली सवय, महाराजांना कळायच्या आत बोंड फिरवून काढलं आणि तोफ दगडावर आपटली. तोंडातला भंडारा आणि मागच्या पोकळीतली पाण्यानं लदबदलेली जांभळी पूड बाहेर पडली.

"हात लावू नगा! पवित्र हाय! तीनशे वर्सांची तोफ हाय!"

"तीनशे वर्सांची न्हाई," हे म्हणाले. "हिच्यात आमच्या न्हाणीघरातला नळ हाय. दिवाळीला तूच नेलीस की, नानासो."

कुणीतरी हसलं. मी तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ सगळ्यांना हाताला लावून बघायला दिलं. चिकट, बुळबुळीत, ग्लिसरीन. पितळेच्या लोट्यात साधं पाणी. मंगलच्या घरून आणलेल्या कोरड्या पुडीवर दोन्ही ओतून दाखवलं. एकानं पेटते, दुसऱ्यानं नाही. मंत्र, गोळी, पाप, पुण्य, कशाचाही संबंध नाही. फक्त पेटायला जरा वेळ लागतो, तो चांगभल्यात निघून जातो.

म्हातारा धुळा पुढे आला. लेकीला फिट येत होत्या त्याच्या. "मग माज्या पोरीला दोनदा उडली न्हाई ती?"

"पाणी ओतलं म्हणून," मी म्हणाले.

"म्या तिला मारलं गं बाई. म्हटलं, चोरून गोळी खातीस, म्हनून उडत न्हाई."

नानासो जीपकडे सरकत होता. पोरांनी वाट अडवली आणि पोलिसांना फोन लावला. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे आहे, तो कपाटात ठेवायला नाही. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मागे वळले तर हे टेम्पोत अंबूबाईंच्या पायाशी बसून त्यावर बसणाऱ्या माश्या हाकत होते.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी राख धुऊन काढली. त्या दाहक राखेनं जिवंत मांस खाल्लं होतं आणि बधिर पायाला ते समजलं नव्हतं. वेळेवर आल्या असत्या तर मलमपट्टीवर भागलं असतं, ते म्हणाले. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

ह्यांना सगळ्यांनी समजावलं. मंगल म्हणाली, तुमचा काय दोष, दादा? मीही तेच म्हणाले. हे ऐकायचे आणि पुन्हा बाकावर जाऊन बसायचे. शेवटी अंबूबाईंना बसतं केल्यावर ते खाटेपाशी गेले.

"मावशी, माझी चूक हाय."

"व्हय," अंबूबाई म्हणाल्या. "हाय तुमची चूक. भोक कशापायी, येवडं इचारलं आसतं तर? माजीबी हाय. लोट्यात काय हाय, म्या इचारलं न्हाई. मेंढरू घ्याचं तर दात बगून घेतो आमी. आन देव घेतला त्यो न बगता."

हे तिथंच रडले. सगळे नाही म्हणत असताना एकीनं हो म्हटलं, म्हणून त्यांना रडता आलं, असं मला वाटतं.

म्हणून सांगते, विचारा. तोफ करणाऱ्यानं विचारावं, ती बघणाऱ्यानं विचारावं. कुणी औषध बंद कर म्हणालं तर त्याच्या लोट्यात बोट घालून बघा, तो चिडला तरी बघा. खऱ्याला तपासणीची भीती नसते. अंबूबाईंचा पाय परत येणार नाही, पण तुमच्या घरातल्या कुणाचा तरी वाचेल.