टेबल फाटकाबाहेर

शनिवार, सकाळचे अकरा. शाळेच्या सभागृहात चाळीस खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यांवर माणसं किती? तीन! त्यातले एक आजोबा चुकून आलेले. त्यांना नातवाचा दाखला हवा होता. पालकसभा म्हटली की हे असंच, असं तुम्ही-आम्ही म्हणतो आणि आपापल्या कामाला लागतो. मुख्याध्यापकही तसंच म्हणाले. माईक ठाकठीक करून त्यांनी त्या तिघांना पंचवीस मिनिटं शिस्तीवर ऐकवलं आणि जे आलेच नव्हते त्यांच्या नावानं मनसोक्त खडे फोडले.

सभा संपली की सातवीच्या बाईंचं काम सुरू व्हायचं. बाईंचं अक्षर म्हणजे शाळेत पहिल्या नंबरचं. प्रमाणपत्रांवरची नावं त्यांनी लिहायची, फळ्यावरच्या सूचना त्यांनी लिहायच्या, आणि सभेला न आलेल्या पालकांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईचा शेराही त्यांनीच लिहायचा. शेरा दोन शब्दांचा. ‘पालक उदासीन.’ गेली अकरा वर्षं बाई तो लिहीत होत्या. एकदा सर कौतुकानं म्हणाले होते, “अगदी छापल्यासारखा दिसतो हो!” आणि बाई चक्क खूश झाल्या होत्या.

वर्षात असे सहा शेरे झाले की मुलाला आठवीत घ्यायचं नाही, असा नियम होता. आठवीला जागा कमी, म्हणून संस्थेनं ही चाळणी लावलेली. घरच्यांना पर्वा नसेल तर त्यांनी दुसरी शाळा बघावी! दुसरी शाळा होती दोन बस बदलून. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत नव्हतीच. या वेळी यादीत नऊ मुलं होती आणि पुढच्या शनिवारी ती यादी संस्थेकडे जायची होती.

नववं प्रगतिपुस्तक उघडलं आणि बाईंचा हात अडखळला. ते ‘गणिती’चं होतं. हे नाव तिला वर्गानंच ठेवलेलं. फळ्यावर उदाहरण लिहून बाई वळायच्या आत हिचं उत्तर तयार असायचं. अशी पोरगी आठवीत नाही? बाईंनी पेन खाली ठेवलं. मग नियम आठवला, आणि पेन पुन्हा उचललं.

सोमवारी दुपारी दोनच्या पुढे बाई काही कामानं फाटकाकडे गेल्या, तर तिथे बाचाबाची चाललेली. फाटकाबाहेर एक बाई उभी होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हात वाफेनं लालबुंद, आणि त्या हातात गणितीचं प्रगतिपुस्तक. आत वॉचमनकाका.

“चिठ्ठीशिवाय आत सोडता येत नाही, ताई. मला का बोलताय?”

“तुम्हाला नाही हो बोलत. मला फक्त या बाईंना भेटू द्या, ज्यांनी हे लिहिलंय!”

“मीच ती,” सातवीच्या बाई म्हणाल्या.

गणितीच्या आईनं गजांतून त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मुलीनं मला या शब्दाचा अर्थ काढून दाखवला, बाई. उदासीन म्हणजे ज्याला काही पडलेलं नाही असा. मला माझ्या मुलीचं काही पडलेलं नाही?”

“तुम्ही एकाही सभेला आला नाहीत, म्हणून…”

“आले नाही? दर सभेच्या शनिवारी येते मी! मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. चादरींच्या मशीनवर. मशीन चालू असताना जागा सोडली तर दुसऱ्या दिवशी ती जागा दुसरीची होते. दोनला सुटते आणि धावत येते. तोवर तुमचं फाटक बंद झालेलं असतं. विचारा यांना!”

बाईंनी वॉचमनकाकांकडे पाहिलं. काका जरासुद्धा कचरले नाहीत. उलट त्यांनी अभिमानानं आपली जाडजूड वही पुढे केली. “येतात की! लिहिलेलं आहे सगळं. सरांनीच सांगितलं होतं, फाटकाशी जो येईल त्याची नोंद ठेवायची. एक दिवस खाडा नाही माझा. पण वाचून कुणी काही विचारलं नाही कधी.”

बाईंनी वही मागितली. शेवटच्या सभेच्या दिवसापाशी आल्या. ‘दोन वाजून वीस. धुलाईखान्यातल्या बाई, सातवी. परत पाठवले.’ ‘अडीच. डेपोतले मेकॅनिक, सातवी. परत पाठवले.’ ‘पावणेतीन. भाजीवाली आजी, सातवी. परत पाठवले.’ बाई पानं उलटत गेल्या. यादीतल्या नऊच्या नऊ मुलांची माणसं त्या वहीत होती. कुणी चार वेळा, कुणी सहा वेळा. अकरा वर्षं आपण काय लिहीत बसलो होतो?

घरी त्यांच्या सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. सासूबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. मुलांना लसी टोचण्यात उभी नोकरी गेलेली. जीभ अजूनही सुईसारखी.

“चेहरा का पडलाय गं?”

बाईंनी सगळं सांगितलं. रडू आवरत नव्हतं.

“रडून झालं की ऐक,” सासूबाई म्हणाल्या. “पहिल्या पोस्टिंगला माझं टेबल दवाखान्याच्या व्हरांड्यात. सकाळी नऊ ते बारा. चार बाया आल्या. मी तोऱ्यात डॉक्टरांना सांगितलं, इथल्या आयांना पोरांची काळजीच नाही! डॉक्टर म्हणाले, ‘सिस्टर, बारापर्यंत त्या पाण्याच्या रांगेत असतात. टेबल उचला आणि तिथे न्या.’ नेलं. एका दिवसात साठ पोरं टोचली! बाया त्याच होत्या गं. माझं टेबल चुकीच्या जागी होतं.”

“पण आई, तुमचे डॉक्टर तुमच्या बाजूचे होते. आमचे सर? मी साधी शिक्षिका. ठरवणारी मी कोण?”

“हे बरं आहे! वर्गात चाळीस पोरांना सांगतेस ना, पुढे या, बोला, घाबरू नका? आणि स्वतः मात्र मागच्या बाकावर! टेबल उचलायला पद लागत नाही, दोन हात लागतात. अकरा वर्षं लिहायला हात होते, आता उचलायला नाहीत?”

हे वर्मी लागलं. बाईंनी डोळे पुसले आणि त्याही शेंगा निवडायला बसल्या.

मंगळवारी त्या सरांपुढे उभ्या राहिल्या. सभा दुपारी अडीचला घ्या, म्हणाल्या. सरांनी चष्मा काढला.

“बाई, शाळा कुणाच्या सोयीनं चालत नाही. आज वेळ बदला म्हणतील, उद्या घरी येऊन शिकवा म्हणतील.”

“मी जाणारच आहे, सर. घरी नाही, कामावर. भेटायला.”

“शिक्षकानं असं दारोदार फिरायचं? मान राहील का काही? आणि शिस्तभंगाची नोटीस काढावी लागली तर मला दोष देऊ नका!”

“नाही देणार,” बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात शाळा सुटली की बाई निघायच्या. सगळीकडे हसतमुख स्वागत झालं असं समजू नका. डेपोतला मेकॅनिक बसखालून बाहेरच येईना. तिथूनच ओरडला, “काय केलं माझ्या पोरानं?”

“काही नाही. छान चित्रं काढतो, तेच सांगायला आले.”

बसखालची ठोकठोक थांबली. मग काळवंडलेला एक चेहरा बाहेर आला. “सात वर्षांत शाळेनं पहिल्यांदा चांगलं काही सांगितलं बघा. आजवर तक्रारीपुरती आठवण व्हायची आमची.” बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

धुलाईखान्याच्या दारात गणितीची आई भेटली. बाईंनी शनिवारी अडीचला फाटकाबाहेर यायचं बोलावणं दिलं आणि शेऱ्याबद्दल हात जोडून माफी मागितली. तिनं ती लगेच दिली नाही. आधी बाईंच्या हातातली नऊ नावं वाचली, मग म्हणाली, “एवढ्या ठिकाणी तुम्ही एकट्या कधी फिरणार? तीन जणांकडे जाऊन आलात, उरलेली माझ्याकडे द्या. या गल्ल्या मला पाठ आहेत. तुमचं ऐकून येतील न येतील. माझं ऐकून झक मारत येतील!”

शनिवारी दुपारी सव्वादोनला बाईंनी वर्गातलं टेबल उचललं. जड होतं. दारातून निघेना. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला हात लागले. वॉचमनकाका!

“काका, तुमची नोकरी…”

“मी फाटकाच्या आतला माणूस, बाई. बाहेर काय चाललंय ते मला दिसत नाही,” काका म्हणाले आणि टेबल बरोबर फाटकाबाहेर, झाडाच्या सावलीत, नेऊन ठेवलं.

अडीच वाजले. रस्ता रिकामा. बाईंचा जीव टांगणीला लागला. कुणी आलंच नाही तर? मग सरच खरे ठरले, आणि नऊ मुलं गेली! इतक्यात कोपऱ्यावरून गणितीची आई आली. तिच्यामागे मेकॅनिक, भाजीवाली आजी, आणि मग एकामागून एक माणसं येतच राहिली. नऊ घरांची नव्हे, एकोणीस घरांची! कुणी कामाच्या कपड्यांत, कुणी कडेवर लेकरू घेऊन. बाई एकेकाला मुलांच्या वह्या दाखवू लागल्या. भाजीवाल्या आजीनं नातवाची वही उलटी धरली होती, पण त्यातली बरोबरची एकेक खूण ती बोटानं मोजत होती.

गलका ऐकून सर तरातरा बाहेर आले. “हा काय तमाशा! बाई, हा रस्ता आहे, शाळा नाही!”

“म्हणून तर इथे सगळ्यांना येता आलं, सर.”

“ताबडतोब टेबल आत घ्या!”

“नाही घेणार!” बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी सरांना पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. “आधी ही वही ऐका.”

वॉचमनकाकांची वही गणितीच्या आईनं उचलली आणि अडखळत, पण खणखणीत आवाजात वाचू लागली. “अडीच. डेपोतले मेकॅनिक. परत पाठवले.” मेकॅनिकनं हात वर केला. “तो मी.” “पावणेतीन. भाजीवाली आजी. परत पाठवले.” “मी गं बाई,” आजी म्हणाली. नाव वाचलं जाई आणि एकेक हात वर होई. स्वतःची पहिली ओळ तिनं शेवटी, नववी म्हणून वाचली. “दोन वाजून वीस. धुलाईखान्यातल्या बाई. परत पाठवले. ती मी, सर. सहा वेळा.”

“हे… हे मला कुणी सांगितलं नाही,” सर म्हणाले.

वॉचमनकाका खाकरले. “महिन्याच्या महिन्याला वही आपल्याकडे पाठवतो, सर.”

सरांनी वही हातात घेतली. प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक शब्द होता, ‘पाहिले’, आणि खाली सही. सही त्यांचीच. सर पानं मागे मागे उलटत गेले. पाहिले. पाहिले. पाहिले.

तोवर बाईंनी नऊ प्रगतिपुस्तकं टेबलावर उघडली होती आणि लाल पेन काढलं होतं. प्रत्येक शेऱ्यातला ‘पालक’ हा शब्द त्यांनी खोडला आणि त्याच सुरेख, छापल्यासारख्या अक्षरात वर नवा शब्द लिहिला. खाली स्वतःची सही केली. ‘शाळा उदासीन.’

“कळतंय का तुम्हाला?” सरांचा आवाज चढला, पण मघासारखा नव्हता. “हे असं संस्थेकडे गेलं तर?”

“जाऊ द्या. खोटं इतकी वर्षं गेलंच की! मीच लिहिलं, सुबक अक्षरात. आता खरं जाईल. नोटीस काढायची तर माझ्या नावानं काढा, पण या नऊ जणांना मी आठवीत बसवल्याशिवाय राहणार नाही!”

“आणि बाईंना नोटीस आली,” मेकॅनिक म्हणाला, “तर एकोणीस घरं संस्थेच्या दारात येतील. कामाचा दिवस बुडवून!”

सरांनी वही टेबलावर उघडी ठेवली. मग त्यांनी खिशातून यादी काढली आणि तिची घडी उलगडलीसुद्धा नाही, सरळ फाडली. “ही सही माझी आहे,” वही दाखवत ते म्हणाले. “न बघता केलेली. खरा उदासीन मीच. संस्थेला काय सांगायचं ते मी सांगतो. पण पुढची सभा अडीचला, आणि रस्त्यावर नाही.” ते वळले. “काका, फाटक उघडा! पुरतं उघडा!”

बांधवांनो, तुमच्याही कार्यालयात, दवाखान्यात, शाळेत असं एक टेबल असेल. त्याच्या पलीकडे कुणी येत नाही म्हणून आपण लोकांना नावं ठेवतो. एकदा उठून फाटकाशी जा. किती जण येऊन परत गेले ते विचारा. समाजाशी नातं सभागृहात खुर्च्या मांडून जुळत नाही. जिथे माणसं आहेत तिथवर आपल्याला चालत जावं लागतं. आणि पुढारीपण म्हणाल, तर जो स्वतःआधी दुसऱ्याला बोलायला उभं करतो, तोच पुढारी. शिक्षकानं हे करायचं नाही तर कुणी?

पुढच्या महिन्यात सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. माईकवर गणितीची आई होती आणि सातवीच्या बाई मागच्या रांगेत उभ्या होत्या. वॉचमनकाकांची वही त्याही दिवशी चोख भरली होती. दोन वाजून वीसपासून तीन वाजेपर्यंत सत्तेचाळीस नावं, आणि प्रत्येकापुढे दोनच शब्द. आत सोडले.