चहातली गोळी

गोरक्षनं चंद्रभागेवर एकोणचाळीस वर्षं हात उचलला, आणि मग एका इवल्याशा पांढऱ्या गोळीनं तो खाली आणला. सासऱ्याला जमलं नाही, पोटच्या दोन पोरींना पाया पडून जमलं नाही, ते गोळीला जमलं. निदान चंद्रभागेला तसं वाटलं.

गोरक्ष एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशावरचा मुकादम होता. निवृत्त होऊन नाशिक रोडला दोन खोल्यांत राहत होता. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याची लघवी तुंबली, तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. हा रोग पुरुषी रसावरच पोसतो, तो रस तोडला की रोगही दबतो, असं डॉक्टरांनी समजावलं. वाटा दोनच. एक तर ऑपरेशन करून वृषणं काढायची, नाहीतर बायकांच्या शरीरातल्या रसाची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. "गोळीनं छाती वाढेल," डॉक्टर म्हणाले. "पण बंद केलीत तर रोग मणक्यात उतरेल."

"मी काय बैल हाय का खच्ची करायला?" गोरक्ष गुरगुरला आणि त्यानं गोळी पसंत केली. छातीचं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं.

तीन महिन्यांत लघवी मोकळी झाली, पाठीची कळ थांबली, आणि माणूसच पालटला. मीठ कमी पडलं तर ताट भिरकावणारा गोरक्ष "ऱ्हाऊ दे" म्हणू लागला. दुपारी बायकोशेजारी बसून वाटाणे सोलू लागला. एकदा तिचं वाकडं बोट हातात घेऊन म्हणाला, "हे मीच मोडलं ना गं?" आणि हमसून हमसून रडला. चंद्रभागा चक्क लाजली. साठीला टेकल्यावर बाईला नवरा मिळाला, तोही औषधाच्या दुकानातून! मिळेना का कुठून, मिळाला ना.

छाती मात्र चांगलीच भरली. थंडी सरली तरी गोरक्षच्या अंगातला स्वेटर निघेना.

फाल्गुनात त्याचा थोरला भाऊ वारला. दहाव्याला सगळी भावकी पंचवटीत नदीकाठी जमली. भावाला मुलगा नव्हता, तेव्हा विधी गोरक्षनंच करायचा, आणि विधीला अंगावर शिवलेलं कापड चालत नाही. "स्वेटर काढा, बनियन काढा," गुरुजी म्हणाले. गोरक्षनं बायकांत उभ्या असलेल्या चंद्रभागेकडे पाहिलं. ती बिचारी काय करणार? मुंडण झालं, पाण्यात बुडी झाली, आणि तो ओल्या अंगानं वर आला तेव्हा काठावरची कुजबुज थांबली. चुलतभाऊ यादव हा भावकीतला सगळ्यांत वाह्यात माणूस. "वयनी," तो मोठ्यांदा म्हणाला, "गोरक्षनानाला तुमची एखादी चोळी द्या की. पाव्हणे बघत्यात." पोरं खिदळली, बायकांनी तोंडाला पदर लावले. त्यात पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांची नजर कावळ्याकडे असायला हवी होती, ती गोरक्षच्या छातीवर होती. दोन्ही हात छातीशी धरून तो अर्धा तास तसाच उभा राहिला.

घरी आल्या आल्या त्यानं सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. "असं जगन्यापरीस मेलेलं बरं."

तो मरेल याची चंद्रभागेला भीती वाटली, आणि जुना गोरक्ष परत येईल याची त्याहून जास्त वाटली. तिनं गुपचूप नवं पाकीट आणलं. रोज सकाळी एक गोळी लाटण्यानं चुरडून त्याच्या चहात घालू लागली. "कडू का लागतो गं?" तो विचारायचा. "सुंठ जास्त पडली," ती सांगायची. दोन महिने हे खपलं. पण गोळी सोडूनही छाती उतरेना म्हणून त्याला संशय आला, आणि एका सकाळी तो पाय न वाजवता तिच्या मागे येऊन उभा राहिला.

लाटणं समोरच होतं. त्यानं तेच उचललं. "मला बाई केलं तू!" दर फटक्याला तो ओरडत होता. चंद्रभागेचं मनगट मोडलं. पण हाडापेक्षा दुसरंच काही तिला जास्त लागलं. दोन महिने न चुकता गोळी त्याच्या पोटात होती. तरी हात उठला होता. म्हणजे वाटाणे सोलणारा, रडणारा तो माणूस कधी नव्हताच की काय? अशाला आपण भुललो म्हणून तिला स्वतःची किळस आली. त्या दिवसापासून तिनं नुसता चहा केला.

पुढच्या संक्रांतीपर्यंत रोग मणक्यात उतरला. पाय लुळे पडले, रात्रंदिवस कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच सुरू करा. पाय येणार नाहीत, पण कळा बऱ्याच थांबतील. धाकट्या लेकीनं दोन पाकिटं आणून फडताळात ठेवली आणि ती सासरी गेली.

आता गोरक्षला छातीची लाज उरली नव्हती. त्याला फक्त गोळी हवी होती. कोरडी गिळवत नव्हती, म्हणून तोच म्हणाला, "चहात घालून दे."

रोज सकाळी चंद्रभागा त्याला बशीनं चहा पाजायची. फडताळातली पाकिटं तिनं अजून फोडलीही नव्हती.

"घातली ना?" तो विचारायचा.

"घातली."

तो शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायचा आणि कळ थांबायची वाट बघत डोळे मिटून पडायचा.

"एकीनं काय व्हत नाय गं," एके दिवशी तो रडत म्हणाला. "उद्या दोन घाल. पाया पडतो तुझ्या."

"घालीन की दोन," चंद्रभागा म्हणाली, आणि तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.